कुणाला सांगू नकोस

बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतोय. हा लेख खरं तर वर्षभर अर्धवट पडून होता, कारण ज्याच्यावरून तो सुचला त्याची परवानगी नव्हती. मागच्या महिन्यात त्याचाच फोन आला. "दादा, लिहायचं तर लिही. घरच्यांना सगळं माहीतच आहे. बाकी कुणाला उपयोग झाला तर होऊ दे. फक्त नाव नको, कंपनी नको, आणि बारीकसारीक तपशील बदल."

तर घरातली जी मंडळी हे वाचताहेत त्यांना तो कोण हे सांगायला नको. त्या वेळी आपण सगळ्यांनी मिळूनच तो घोळ घातला होता. बाहेरच्या वाचकांसाठी त्याला राजा म्हणू. राजा माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि एका विमान कंपनीत कॅप्टन.

घरातल्या एका मुंजीची आदली रात्र. जेवणं आटोपली होती, खाली हॉलमध्ये पत्त्यांचा डाव रंगला होता आणि आम्ही दोघं गच्चीवर. काका (म्हणजे राजाचे वडील) जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी सहज विचारलं, "कसं चाललंय?" तो म्हणाला, "झोप नाही रे दादा. दीड-दोनला जाग येते ती येते. मग ड्यूटीची गाडी येईपर्यंत नुसता पंख्याकडे बघत पडून राहतो." थोडं थांबून म्हणाला, "परवा लँडिंग अगदी व्यवस्थित झालं. पॅसेंजर उतरले, को-पायलट उतरला, आणि मी दहा मिनिटं सीटवरून उठलोच नाही. उठावंसंच वाटेना."

आणि मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

मी 'छे छे' म्हटलं. त्याच रात्री बायकोला सांगितलं. (बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, असा आपला एक सोयीस्कर समज असतो.) दोन दिवसांनी मावशीला सांगितलं. काळजीपोटी सांगितलं असं मी स्वतःला बजावलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण आज विचार केला तर वाटतं, मला ते एकट्याला झेपत नव्हतं, म्हणून मी ते दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलं.

पुढचं घरातल्यांना आठवत असेलच. मावशीने रडत रडत फोन केला, "नोकरी सोड, आपल्याला काय कमी आहे?" एका काकांनी ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला, दुसऱ्यांनी अश्वगंधा. कुणीतरी ग्रुपवर गंमत म्हणून लिहिलं, की आता तिकीट काढताना पायलट कोण ते विचारून घ्यावं लागणार. हसण्याच्या खुणाही आल्या त्याखाली, आठ-दहा. राजाने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "मी एकदम मस्त आहे, काळजी नसावी." मग मला फोन. "दादा, तू सांगितलंस?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाला आणि ठेवला. त्यानंतर जवळपास आठ महिने तो माझ्याशी 'कसा आहेस, बरा आहे' याच्या पलीकडे बोलला नाही.

आता विचार करा. त्या गच्चीवर एका पायलटने खरं सांगितलं होतं. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला ज्यात रस असायला हवा असं ते खरं होतं. ते बारा-पंधरा माणसांपर्यंत पोचलं, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की तो माणूस गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर गेला आणि तिसऱ्या दिवशीही गेला.

*

आता मुद्द्यावर येतो. तेव्हा मी त्याला शंभरदा म्हटलं असेन, "अरे मग डॉक्टरकडे जा ना!" तो काहीच बोलायचा नाही. का, ते मला फार उशिरा कळलं.

आपण आजारी पडलो तर रजा टाकतो. पायलटचं तसं नसतं. ठराविक काळाने त्याची क्लास वन मेडिकल होते. त्या फॉर्मवर पूर्वीचे आजार, घेतलेले उपचार, औषधं, सगळं लिहून द्यावं लागतं. लपवलं तर गुन्हा. लिहिलं तर चौकशी, जादा तपासण्या, आणि निर्णय होईपर्यंत जमिनीवर. किती दिवस ते कुणी आधी सांगू शकत नाही. उड्डाणाच्या तासांवर पगाराचा बराच भाग अवलंबून, आणि शिक्षणासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सपर्यंत पोचायला पन्नास लाखांच्या वर सहज जातात, कित्येकांच्या घरच्यांनी त्यासाठी घर किंवा जमीन गहाण टाकलेली असते. अशा माणसाला एक साधा हिशोब सुचतो: डॉक्टरकडे गेलोच नाही, तर लिहायला काही उरतच नाही.

हा काही राजाचा एकट्याचा हिशोब नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत पावणेचार हजारांच्या आसपास पायलटांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ५६ टक्के पायलटांनी मान्य केलं होतं, की लायसन्स जाईल या भीतीने त्यांनी कधी ना कधी डॉक्टर टाळला आहे किंवा माहिती दडवली आहे. त्याआधी २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जगभरच्या पायलटांना नाव न विचारता प्रश्नावली भरायला दिली होती. नैराश्याचे प्रश्न ज्यांनी भरले त्यातले १२.६ टक्के नैराश्याच्या निकषात बसत होते, म्हणजे साधारण आठातला एक. आणि ४.१ टक्के लोकांच्या मनात मागच्या दोन आठवड्यांत मरणाचे विचार येऊन गेले होते. नाव विचारलं नाही म्हणून हे आकडे बाहेर आले. हेच प्रश्न कंपनीच्या लेटरहेडवर विचारले असते तर शंभर टक्के पायलट 'एकदम मस्त' निघाले असते, आमच्या राजासारखे.

*

इथे कुणीतरी म्हणेल, आणि २०१५ मध्ये मीही हेच म्हणत होतो, की गुप्तता वगैरे सगळं ठीक आहे हो, पण मागे दीडशे माणसं बसलेली असतात त्याचं काय?

२४ मार्च २०१५. जर्मनविंग्ज कंपनीचं एअरबस ए-३२० बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालं. वाटेत कॅप्टन बाहेर गेले तेव्हा को-पायलटने कॉकपिटचं दार आतून बंद करून घेतलं आणि विमान फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळलं. १५० माणसं गेली. तो आजारी होता. काही वर्षांपूर्वी प्रशिक्षण चालू असताना त्याला नैराश्य आलं होतं, आणि अपघाताच्या दोनच आठवडे आधी एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात उपचार घ्यायला सुचवलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आजारपणाच्या चिठ्ठ्या त्याने कंपनीला दिल्याच नव्हत्या. तेव्हा मी संतापून म्हणालो होतो, की डॉक्टरांनी सरळ कंपनीला फोन का नाही केला?

नंतर फ्रान्सच्या तपास यंत्रणेचा अंतिम अहवाल मार्च २०१६ मध्ये आला. त्यांनी माझ्या प्रश्नाला बगल दिलेली नाही. जनतेचा जीव धोक्यात असेल तर डॉक्टरने गुप्तता कधी मोडायची याचे नियम स्पष्ट हवेत, असं त्यांनी म्हटलंच. पण त्याच्याच जोडीला त्यांनी आणखी दोन गोष्टी मांडल्या. आजारी पायलट पुढे येत नाही, कारण उडणं कायमचं बंद होईल याची त्याला धास्ती असते, आणि उडणं बंद झालं तर पैशाचं काय हा प्रश्न असतो. त्यावर त्यांनी ज्या शिफारशी केल्या त्यात एक होती पायलटांना पायलटांचाच आधार मिळेल असे गट उभे करण्याची.

म्हणजे दीडशे माणसं मेल्यानंतर, शांतपणे वर्षभर तपास करून, माणसं फक्त 'पहारा वाढवा' म्हणाली नाहीत. 'बोलायला जागा करून द्या' असंही म्हणाली. मला हे पचायला वेळ लागला.

युरोपने पुढे त्याचा कायदाच केला. २०१८ मध्ये नियम झाला, कोविडमुळे लांबला, आणि १४ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. तिथल्या प्रत्येक विमान कंपनीला आपल्या पायलटांसाठी अशी मदतव्यवस्था उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे, आणि ती शिक्षा न करणारी हवी असंही त्यात आहे.

ही व्यवस्था चालते कशी? मला आधी वाटलं होतं की हेल्पलाइन असेल, पलीकडे एखादी गोड आवाजाची बाई. तसं नाही. पलीकडे पायलटच असतो. नोकरी करणारा, रोस्टरला वैतागणारा, सिम्युलेटरच्या परीक्षेआधी ज्याच्या पोटात गोळा येतो असा. तो स्वेच्छेने हे काम करतो आणि त्याला ऐकण्याचं रीतसर प्रशिक्षण दिलेलं असतं. तो उपचार करत नाही. ऐकतो, चार प्रश्न विचारतो, आणि गरज वाटली तर पुढची वाट दाखवतो: समुपदेशक, डॉक्टर, पैशाचा सल्ला, रजा. त्याच्या पाठीशी मानसोपचाराचा जाणकार असतो. तो कठीण प्रसंगी सल्ला देतो, आणि ऐकणाऱ्यालाही स्वतःचं ओझं त्याच्याकडे उतरवता येतं. (हे वाचलं तेव्हा मला ती मुंजीची रात्र आठवली. मला त्या दिवशी नेमकं हेच हवं होतं. ते नव्हतं, म्हणून मी मावशीला गाठलं.) कंपनीकडे जातात ते फक्त आकडे. किती फोन आले, साधारण कशाबद्दल आले. नावं नाहीत.

आणि येतात ते प्रश्न कसले, तर आपल्याच घरातले. घटस्फोट. आईचं आजारपण. मूल होत नाही. चेकमध्ये नापास झालो. झोप नाही. कर्ज. यातल्या बहुतेकांना औषधाची गरजही नसते. वेळेवर कुणीतरी ऐकायला हवं असतं, एवढंच.

*

विमानवाल्यांना हा धडा नवा नाही. त्यांनी तो एकदा फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलेला आहे.

१ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर उतरायला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान व्हर्जिनियातल्या एका डोंगराला धडकलं. ९२ जण गेले. तपासात निघालं ते असं: सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्याच जागी, त्याच गोंधळामुळे, त्याच डोंगराला घासता घासता वाचलं होतं. त्या पायलटांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं. पण ती माहिती त्या एका कंपनीबाहेर गेलीच नाही. दुसऱ्यांना कळवायची सोयच नव्हती.

त्यातून १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. पायलटने आपली चूक, आपला थोडक्यात वाचलेला प्रसंग गुप्तपणे लिहून कळवायचा. पण कळवायचा कुणाला? जी संस्था लायसन्स देते आणि काढून घेते तिला नाही. मधे नासाला बसवलं. नासाच्या हातात कुणाचं लायसन्स नव्हतं, म्हणून लोकांनी तिच्यावर विश्वास टाकला. नाव-गाव पुसून माहिती सगळ्यांना खुली. ही व्यवस्था आजही चालू आहे आणि जगभर तिच्या नकला झाल्या आहेत.

त्याच सुमाराला, १९७४ पासूनच, अमेरिकेतल्या पायलटांच्या संघटनेने दारूच्या प्रश्नावर अशीच वाट काढली. त्याआधी व्यसन असलेला पायलट सापडला की घरी जायचा, म्हणून तो सापडतच नसे. सहकारी पांघरूण घालायचे. नव्या पद्धतीत सहकाऱ्यांनीच त्याला उपचाराकडे आणायचं, आणि बरा झाला, नीट तपासणी झाली, की देखरेखीखाली परत उडू द्यायचं. परतीची वाट दिसल्यावर माणसं पुढे यायला लागली. त्या वाटेने हजारो पायलट कॉकपिटमध्ये परत गेलेत.

म्हणजे यंत्राची चूक, नकाशाची चूक, हाताची चूक, इतकंच काय दारूसुद्धा, या सगळ्यांत विमानवाल्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं की शिक्षेच्या भीतीने माणूस लपवतो आणि लपवण्यानेच अपघात होतात. मनाच्या बाबतीत तेच कळायला मात्र २०१५ उजाडावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण गुप्तता आणि लपवाछपवी यांची गल्लत करतो. गुप्ततेची खात्री नसेल तेव्हाच लपवाछपवी होते.

*

आता आपल्याकडे काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये डीजीसीएने एक परिपत्रक काढलं. त्यात पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांच्या मानसिक आरोग्याच्या तपासणीबद्दल सूचना होत्या आणि सहकाऱ्यांचे आधार गट तयार करण्याचाही सल्ला होता. चांगलं पाऊल. पण सल्ला आणि सक्ती यांत फरक असतो.

मग १२ जून २०२५. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाण होताच कोसळलं. विमानातले २४१ आणि खाली जमिनीवरचे १९, अशी २६० माणसं गेली. जुलैत लोकसभेत सरकारने एक आकडा दिला. उत्तर देणारे राज्यमंत्री आपल्या पुण्याचे खासदार, मुरलीधर मोहोळ. अपघातानंतर चार दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ पायलटांनी आजारी असल्याचं कळवलं होतं. ५१ कॅप्टन, ६१ को-पायलट.

यावर 'बघा, घाबरले' अशा प्रतिक्रिया मी स्वतः वाचल्या. मला उलट वाटतं. त्यातल्या प्रत्येकाचं कारण काय होतं ते मला माहीत असण्याचं कारण नाही, कुणाला खरंच तापही असेल. पण पायलटांना शिकवलेलंच असतं, की निघण्याआधी स्वतःला तपासा: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती. ज्याला त्या आठवड्यात झोप लागली नाही आणि म्हणून जो उडाला नाही, त्याने आपलं काम चोख केलं. फक्त ते कळवण्यासाठी त्याच्याकडे 'आजारी' हा एकच शब्द असतो.

आणि दुसरी गोष्ट, जिची मला जास्त लाज वाटते. १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. त्याने कुणालाही दोषी ठरवलं नव्हतं. पण त्याच्या आगेमागे टीव्हीवर आणि फोनवर काय काय फिरलं! गेलेल्या कॅप्टनची मनःस्थिती, त्यांची कौटुंबिक दुःखं, त्यांनी म्हणे कधी रजा घेतली होती... अहो, आई गेल्यावर माणूस रजा घेणार नाही तर काय करणार? त्यांचे मुंबईतले वृद्ध वडील शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना धीर दिला, की तुमच्या मुलाला कुणी दोष देऊ शकत नाही. म्हाताऱ्या बापाला हे ऐकण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

हे सगळं हयात असलेले पायलट बघत होते. त्यांना त्यातून काय संदेश गेला? की कधी समुपदेशकाकडे गेलात, कधी दुःखाने रजा घेतलीत, तर ते तुमच्या मरणानंतरही पुरावा म्हणून बाहेर काढलं जाईल. सरकारने दहा परिपत्रकं काढली तरी हा संदेश पुसला जात नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवरही ते फॉरवर्ड आले होते. मी त्या वेळी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

*

तर मला काय हवंय, ते एकदा सरळ लिहून टाकतो. मी ना पायलट ना डॉक्टर, फक्त तिकीट काढणारा आणि एकदा तोंड न आवरलेला माणूस.

एक, हे आधार गट प्रत्येक कंपनीत सक्तीचे व्हावेत, आणि ते एचआरच्या टेबलाखाली नसावेत. जो रोस्टर लावतो किंवा बढती ठरवतो त्याच्या हाताखाली हे काम असेल तर फोन वाजणारच नाही.

दोन, गुप्तता कुठे संपते ते आधीच लिहून द्यावं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर तिथे ती संपते. यात वावगं काही नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही रुग्णाला गुप्ततेचा हक्क आहे आणि दुसऱ्याला इजा होणार असेल तर त्याला अपवादही आहे. पण तो कायदा डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना लागू. ऐकणारा सहकारी पायलट त्यात कुठे बसतो? त्याच्यासाठी वेगळा लेखी आधार हवा. कुंपण कुठे आहे ते दिसत असेल तर माणूस आत यायला घाबरत नाही.

तीन, पैसा. उपचाराच्या काळात घर चाललं पाहिजे. नुसतं 'बोला, मोकळे व्हा' म्हणायचं आणि बोलल्यावर पगार थांबवायचा, याला अर्थ नाही.

चार, परतीची वाट. अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्यावरची गोळी म्हणजे उडणं बंद. त्या वर्षी त्यांनी चार औषधांना, प्रत्येकाची नीट तपासणी करून, परवानगी दिली. तरीही भीती पूर्ण गेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या एका विमानात कॉकपिटच्या जादा सीटवर बसलेल्या, ड्यूटीवर नसलेल्या पायलटने इंजिनं बंद करण्याचा प्रयत्न केला. मित्राच्या मृत्यूने खचलेला होता, लायसन्सच्या भीतीने उपचार टाळलेले, आणि दोन दिवस आधी नशेची अळंबी खाल्लेली. दोन्ही वैमानिकांनी त्याला आवरलं, सगळे वाचले. नियम बदलला तरी तो मनापर्यंत पोचायला वर्षं लागतात, म्हणून सुरुवात लवकर करायला हवी.

आणि एक छोटीशी गोष्ट: भाषा. कॉकपिटमधली इंग्रजी नेमकी असते, तिथे तशीच हवी. पण 'मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'उठावंसं वाटत नाही' हे त्या इंग्रजीत कसं सांगणार? ऐकणारा आपल्या भाषेतला मिळाला तर अर्धं काम तिथेच होतं.

हे झालं म्हणजे जर्मनविंग्जसारखं पुन्हा कधी होणार नाही, असा माझा दावा नाही. तो माणूस एका फोनवर बरा होण्याच्या फार पलीकडे गेला होता. हे गट आहेत ते त्या एकासाठी कमी आणि राजासारख्या शेकड्यांसाठी जास्त. ते 'पलीकडे' जाऊ नयेत म्हणून.

*

राजाचं पुढे काय झालं ते राहिलंच.

त्याच्या कंपनीत तेव्हा असा गट वगैरे काही नव्हता. त्याचं नशीब म्हणून एक वयाने मोठे कॅप्टन भेटले. बाहेरगावी मुक्कामाला हॉटेलवर राजा नाश्त्याला नुसता चहा घेऊन बसलेला त्यांनी दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा समोर येऊन बसले आणि म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा मी चार महिने असाच चहा पीत होतो. हे माझ्याकडून कुठे जाणार नाही. बोल." राजा बोलला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. झोप किती होते? जेवतोस का? उद्या ड्यूटी आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला राजा हो म्हणाला. ते म्हणाले, "उद्याची सोड. मी शेजारी बसतो, तू फोन लाव."

त्याने फोन लावला. मग तीन आठवडे रजा, एका समुपदेशकाकडे नियमित जाणं, मग पुन्हा तपासणी, आणि पुन्हा काम. औषधाची वेळ आली नाही. आलीही असती तरी बिघडलं नसतं, असं तो आता म्हणतो.

बघा ना, तेच दुखणं, शब्दही बहुधा तेच. ते माझ्याकडे आलं तेव्हा बारा-पंधरा घरांत फिरलं आणि राजा दुसऱ्या दिवशी विमान घेऊन गेला. त्या कॅप्टनकडे आलं तेव्हा कुठेही गेलं नाही, आणि न झोपलेला पायलट त्याच दिवशी जमिनीवर राहिला. मागे बसलेल्या माणसांची काळजी आमच्या दोघांपैकी कुणी घेतली, हे सांगायला नकोच. मात्र असा कॅप्टन नाश्त्याच्या टेबलावर भेटणं हे नशिबावर सोडू नये, एवढ्यासाठी ही सगळी लेखणी झिजवली.

परवा राजा जेवायला आला होता, मावशीही होती. पानं वाढली आणि त्याचा फोन वाजला. नंबर बघून तो उठून बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं. चांगली चाळीस मिनिटं. परत आला, हात धुतले, पाटावर बसला. कुणाचा फोन होता ते मी विचारलं नाही. मावशीनेही विचारलं नाही. तिने आमटी परत गरम करून आणली.